अकरा ओळींचा कागद

सेतू, काल दुपारी तुझ्या नावानं आणखी एक पत्र आलं. तुझ्या बायकोनं, पद्मानं, तुझा मोबाईल माझ्या हातात दिला. आत नेहमीसारखा न वाचता येणाऱ्या अक्षरांचा ढीग होता, पण विषयाची ओळ उघडी होती. पत्र कितीही कुलूपबंद केलं तरी विषय झाकला जात नाही, हे तूच मला पहिल्या दिवशी बजावलं होतंस. तुझ्या कामातल्या, नॉर्वेच्या त्या माणसाचं पत्र होतं. विषयात इंग्रजीत एवढंच लिहिलं होतं, तू बरा आहेस ना?

काय सांगायचं त्याला? तुला जाऊन तेवीस दिवस झाले. तेरावा झाला, भटजींनी सुतक संपलं, आता शुभ म्हणून सांगितलं, पद्माच्या माहेरची माणसं पापनाशमला परत गेली, दारातला चपलांचा ढीग संपला. तुझा टूथब्रशसुद्धा पद्मानं उचलून ठेवला. शास्त्राप्रमाणे तुझं सगळं आटोपलंय. संगणकावरच्या तुझ्या त्या दुसऱ्या जगात मात्र तू ठणठणीत होतास, आणि त्याला कारण मी होते. कागद माझ्या ट्रंकेत होता आणि मी ट्रंक उघडत नव्हते.

हे मी देवनागरीत लिहितेय. तुला यातलं एक अक्षर लागलं नसतं, ठाऊक आहे. आपल्या घराण्यात बोलतात मराठी आणि लिहितात तमिळ, ही लिपी आता माझ्याशिवाय येते कुणाला? मी लहानपणी हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून मला येते. तुझ्या वेळी काकांनी, म्हणजे तुझ्या वडिलांनी, तुलाही त्याच क्लासला घातलं होतं, पण तू पिशवी घेऊन निघायचास आणि वडवारू नदीच्या काठावर मासे बघत बसायचास. पुढे मला डायरी लिहिताना बघून म्हणायचास की अक्काला माझ्या सॉफ्टवेअरची गरजच नाही, तिची डायरी उघडी टाकली तरी सगळ्या तंजावुरात कुणाला वाचता येणार नाही. तेव्हा मी हसायची. आता तुझ्याबद्दल मनातलं लिहायला बसले तर हीच लिपी बरी वाटली. जे तुला तोंडावर बोलले नाही ते तुला न येणाऱ्या अक्षरांत लिहितेय, बघ माझी हिंमत.

तू बंगळूरची नोकरी सोडून मेलवीदी रस्त्यावरच्या त्या माडीवर येऊन बसलास तेव्हा सगळ्यांनी तुला वेड्यात काढलं. मीही काढलं, उगाच खोटं कशाला बोलू. एवढा शिकलेला माणूस दिवसभर पंख्याखाली बनियनवर बसून काय करतो, तर पत्रं आणि फायली कुलूपबंद करायचं सॉफ्टवेअर लिहितो. नाव काय ठेवलंस, तर पेटी. तमिळमध्येही पेटी, आपल्यातही पेटी, म्हणून तुला फार कौतुक. मी म्हटलं होतं, लोकांकडे लपवण्यासारखं असतं काय रे एवढं? तू कॉफीचा डबरा-पेला खाली ठेवलास आणि विचारलंस की मग तू तुझी डायरी ट्रंकेत का ठेवतेस. मी चिडले.

कॉलेजातलं फिजिक्स शिकवणं संपवून मी घरी बसले त्याच महिन्यात तू मला कामाला लावलंस. म्हणालास, अक्का, मला एक असा माणूस हवा ज्याला यातलं काही कळत नाही. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर मी त्याला उभं केलं नसतं. पण मी आले, रोज अकरा वाजता, मोराचा, म्हणजे ताकाचा, तांब्या घेऊन, आणि तुझ्या सॉफ्टवेअरवर तुटून पडले. हे बटण इथे का, हा शब्द कुणाला कळणार, ही सूचना माणसांसाठी आहे की यंत्रांसाठी. तू डोक्याला हात लावायचास आणि संध्याकाळपर्यंत बदल करून ठेवायचास. मदतीची पानं मीच लिहिली, आधी इंग्रजीत, मग तमिळमध्ये. आयुष्यभर वर्गात जे शिकवलं त्यापेक्षा त्या चार पानांचा मला जास्त अभिमान आहे, हे तुला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

त्या पानांत मी लिहिलं होतं तेच इथे पुन्हा लिहिते, कारण त्याशिवाय पुढचं कुणाला कळायचं नाही. प्रत्येकाजवळ एक कुलूप आणि एक चावी. कुलूप उघडं ठेवून जगाला वाटून टाकायचं. ज्याला तुला पत्र लिहायचंय त्यानं ते पेटीत घालावं आणि तुझं कुलूप दाबून बंद करावं. ते उघडणारी चावी फक्त तुझ्याजवळ. आणि समजा माणूसच गेला, तर? लोक बिचारे त्याच्या कुलपात पत्रं घालत राहणार आणि ती कुणीच उघडणार नाही. म्हणून एक कागद आधीच बनवून ठेवायचा, ज्यात लिहिलेलं असतं की हे कुलूप आता वापरू नका. तो कागद विश्वासाच्या माणसाकडे द्यायचा. वेळ आली की त्यानं तो जगाच्या सार्वजनिक यादीत घालायचा. त्या यादीत एकदा लिहिलेलं कधीच खोडता येत नाही.

तुझा तो विश्वासाचा माणूस मी. आणि मी काय केलं, तर तुला जिवंतपणी मारलं.

सहा वर्षं झाली त्याला. तू मला पेन ड्राइव्हवर दोन फायली दिल्या होत्यास, एकीत तुझं कुलूप, दुसरीत तो कागद. नावं जवळजवळ सारखी. त्या दिवशी तू आणि पद्मा पापनाशमला तिच्या भावाच्या गृहप्रवेशाला गेला होतात. मी नवीन आवृत्ती तपासत बसले होते, फाइल आत घ्यायचं बटण नीट चालतं का ते बघत होते. चुकीची फाइल घेतली. नवीन आवृत्तीत तूच एक सोय घातली होतीस, जे आत घेतलं ते आपोआप यादीत जाईल. गेलं. मला कळलंसुद्धा नाही, मी उठून भाताला फोडणी दिली.

दुपारपर्यंत जगाला कळलं होतं. त्या कागदात तू कारण म्हणून इंग्रजीत एक ओळ लिहून ठेवली होतीस, या चावीचा मालक आता हयात नाही. तू पापनाशमला केळीच्या पानावर रसवांगी वाढून घेत होतास आणि तुला कधी न पाहिलेली माणसं तुझ्याबद्दल भूतकाळात लिहीत होती. नॉर्वेच्या माणसानं तर लांबलचक पत्र लिहिलं की तुझ्यासारखा चिकट माणूस त्यानं पाहिला नाही, स्वल्पविरामावरून भांडणारा. ते पत्र तू बसमध्येच वाचलंस. संध्याकाळी माझ्या दारात येऊन उभा राहिलास, हातात गृहप्रवेशाच्या ताम्बूलाची पिशवी, आणि म्हणालास, "अक्का, माझा तेरावा कधी ठेवलीस?"

मी हसले. तूही हसलास. ते हसणं फार तर मिनिटभर टिकलं. मग तू ओट्यावर बसलास आणि तुझा चेहरा उतरत गेला, तो मला अजून दिसतो. त्या कुलपावर शंभरावर माणसांच्या, हे खरंच तुझं अशी ग्वाही देणाऱ्या सह्या होत्या. एकेकाला समोरासमोर भेटून, पासपोर्ट दाखवून मिळवलेल्या. त्यातले काही आता म्हातारे झाले होते, काही खरोखर गेले होते. पंधरा वर्षांची ओळख माझ्या एका बोटानं पुसली. तू म्हणालास, "तू मज मारून टाकलीस." ओरडला नाहीस. ओरडला असतास तर मीही ओरडले असते आणि तिथेच मिटलं असतं.

दीड महिना तू माझ्याशी बोलला नाहीस. पोंगल आलं नि गेलं, पद्मा एकटीच येऊन पाया पडून गेली. मीही काही कमी नाही. माझं म्हणणं होतं की दोन फायलींची नावं सारखी ठेवणारा तू, आपोआप पाठवायची सोय घालणारा तू, मग दोष एकट्या माझा कसा? हे मी मनात रोज म्हणायची, आणि त्याच्या खाली जे होतं ते मात्र म्हणत नव्हते. मला लाज वाटत होती. फार लाज वाटत होती, सेतू.

त्या दीड महिन्यात तू नवीन आवृत्ती काढलीस. मला कुणी सांगितलं नव्हतं तरी मी ती घेतली आणि तपासली, सवयीनं. एक बनावट कागद बनवून आत घातला. समोर चौकट आली. आत कागदात लिहिलेलं कारण उलगडून लिहिलं होतं, आणि खाली तीन ओळी: याचा अर्थ या चावीचा शेवट. हे परत घेता येणार नाही. खात्री असेल तर yes हा शब्द पूर्ण लिहा. तमिळ पानंही तूच केली होतीस, त्यात दोन चुका होत्या. मला वाटलं ही चौकट म्हणजे मला मारलेली थप्पड आहे. जगात ज्या ज्या माणसाच्या संगणकावर पेटी आहे तिथे तिथे माझ्या मूर्खपणाची पाटी लागली. पेटीचे लोक तिला अक्काची चौकट म्हणतात, हे मला नंतर कळलं. आणखीच राग आला.

मग एका दुपारी तू आलास. उन्हातून चालत आला होतास, सदरा पाठीला चिकटलेला. मी न विचारता मोर दिलं. तू खिशातून घडी घातलेला कागद काढलास. छापील, अकरा ओळी, अर्थ नसलेली अक्षरं आणि आकडे. तुझ्या नव्या कुलपाचा नवा कागद. "ह्या खेपेस फाइल नाही," म्हणालास. "हातानं टाइप करावं लागेल. टाइप करताना तुज विचार करायला वेळ मिळेल."

हा टोमणा मी आजवर जपून ठेवला होता. मी विचारलं, मलाच का देतोस? तू मोर संपवलंस, मिशी पुसलीस आणि म्हणालास की दुसरं कोण आहे. एवढंच. मी माफ कर म्हटलं नाही, तू जाऊ दे म्हटलं नाहीस. मी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पट्टूच्या, रेशमी साड्यांच्या ट्रंकेत ठेवला, कडुनिंबाच्या पाल्याखाली, जिथे पूर्वी डायरी असायची. दुसऱ्या दिवसापासून मी पुन्हा अकरा वाजता यायला लागले. पण मधे काहीतरी राहिलंच. माझ्या बाजूनं तरी राहिलं.

त्यानंतर आपण भांडलो ते दुसऱ्याच गोष्टीवरून, आणि ते भांडण तू अर्धवट टाकून गेलास.

तिरुवैयारूच्या वीणा टीचर तुला आठवतात ना? म्हणजे काय विचारतेय मी. आपल्या गुरूंकडून वीणेवर शिकलेलं सगळं त्यांनी चाळीस वर्षं लिहून ठेवलं होतं आणि मग संगणकावर उतरवलं होतं. एका शिष्यानं त्यातलं काही उचलून आपल्या नावानं खपवलं म्हणून त्या घाबरल्या आणि माझ्या सांगण्यावरून पेटी वापरायला लागल्या. माझ्याच सांगण्यावरून, हे लक्षात घे. मग त्या आजारी पडल्या, डोक्याचंच दुखणं, आणि बऱ्या झाल्या तेव्हा चावी चालवणारा परवलीचा शब्द पार पुसला गेला होता. तीन दिवस त्या टाउन बसनं येत होत्या. तुझ्या माडीवर बसून एकेक शब्द आठवायच्या, देवांची नावं, रागांची नावं, गायीचं नाव. तू प्रत्येक शब्द उलटसुलट करून घालून बघायचास. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, सरी, बरं, राहू दे, हाताला जेवढं आठवतं तेवढं पुन्हा लिहीन. जिना उतरताना त्यांनी तुझ्या डोक्यावर हात ठेवला. मला ते बघवलं नाही.

त्या गेल्यावर मी तुला धरलं. म्हटलं, प्रत्येकाची एक दुसरी चावी बनव आणि तुझ्याजवळ ठेव. अशा वेळी उपयोगी पडेल. तू नाही म्हणालास. मी म्हटलं, तुझा काय स्वतःवर विश्वास नाही? आणि तू म्हणालास, "नाहीच, अक्का. लोकांच्या चाव्या हातात आल्या की मी कसा होईन मज ठाऊक नाही. तू कशी होशील तेही तुज ठाऊक नाही."

मला तो माझा अपमान वाटला. चार वर्षं आपण तेच भांडलो, कॉफीवर, जेवताना, एकदा तर लग्नाच्या पंगतीत. तू जायच्या चार दिवस आधीसुद्धा तेच. मी म्हटलं होतं की तुझं सॉफ्टवेअर माणसांसाठी नाहीच, विसरणाऱ्या, म्हाताऱ्या होणाऱ्या, मरणाऱ्या माणसांसाठी तर नाहीच नाही. तू दमलेला दिसलास. मी पिशवी उचलून निघाले आणि तुला येते म्हणूनसुद्धा सांगितलं नाही. ते माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं. आता काय करू त्याचं?

तेराव्यापर्यंत जो येई तो मला बाजूला घेऊन विचारी, परवलीचा शब्द काय होता? तुमच्याजवळ असेलच. पद्माच्या भावानं विचारलं, तुझ्या बंगळूरच्या मित्रानं विचारलं. मी म्हणायची, नाही, माझ्याजवळ उघडायचं काही नाही, फक्त बंद करायचं आहे. कुणाला ते पटायचं नाही. मग एके दिवशी सगळे गेल्यावर पद्मा माझ्याजवळ येऊन बसली. मोबाईल तिच्या मांडीवर होता. म्हणाली, "अक्का, ह्यांच्या त्या बंद पत्रांत माझ्याबद्दल कुणाला काही लिहिलं असेल कां?"

सेतू, त्या क्षणी माझ्याजवळ चावी असती तर मी उघडलं असतं. पद्मासाठी उघडलं असतं, आणि खरं सांगायचं तर माझ्यासाठीही. त्या दीड महिन्यात तू माझ्याबद्दल जगाला काय लिहीत होतास ते बघितलं असतं. तुझा विचार मनात आला नसता. तेव्हा तुझं म्हणणं पटलं, मी कशी झाले असते ते मला कळलं. माझ्या बाबतीत तू बरोबर होतास. वीणा टीचरच्या बाबतीत मी अजून माझ्याच बाजूला आहे, आणि तू असतास तर उद्या अकरा वाजता येऊन पुन्हा भांडले असते.

तुझ्या लोकांना मी आधी साधं पत्र लिहून कळवलं होतं. सहीसकट, सगळं रीतसर. नॉर्वेच्या माणसानं फार नम्रपणे उत्तर दिलं. म्हणाला, मागच्या वेळीही असंच कळलं होतं, तेव्हा मी दोन दिवस रडलो आणि मग तो गृहप्रवेशाला गेला होता असं समजलं. तुमच्यावर अविश्वास नाही, पण आता अक्काची चौकट आहे, कागद चुकून जात नाही, तेव्हा तो यादीत येईल तेव्हाच मानीन. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही मानलं नसतं. आणि तोपर्यंत तो तुझ्याच कुलपात पत्रं घालत राहिला. पहिल्याचा विषय होता, पेटीत एक भोक सापडलंय. दुसऱ्याचा, फार तातडीचं आहे. तिसऱ्याचा, लोकांच्या फायली धोक्यात आहेत, कृपा करून वाच. भोक कुठे आहे ते आत, बंद. तू काही बघू शकत नव्हतास आणि आम्हाला उघडता येत नव्हतं. तो दुसऱ्या कुणाला सांगणार नाही, कारण असल्या गोष्टी फक्त मालकाला सांगायच्या, हा तुझाच नियम.

म्हणजे त्यानं तू गेल्याचं मानून ते दुसऱ्याला सांगावं म्हणून कागद घालायलाच हवा होता. मला ते पहिल्या पत्रापासून कळत होतं. पण मी पद्माला विचारलं तेव्हा ती म्हणाली, आणखी थोडे दिवस राहू द्या, मोबाईल वाजला की ह्यांना कुणी हाक मारतंय असं वाटतं. मी लगेच मान डोलावली. तिच्या दुःखाच्या आड लपले. खरी गोष्ट ही की मला ते जमत नव्हतं. एकाच माणसाला माझ्याच हातानं दोनदा मारायचं. पहिल्या खेपेस चुकून. दुसऱ्या खेपेस नीट विचार करून, एकेक अक्षर बघून, तू सांगितल्याप्रमाणे.

कालचा तो विषय पद्मानं दोनदा वाचला. तू बरा आहेस ना. मग म्हणाली, तो बिचारा काळजी करतोय, त्याला ताटकळत ठेवणं बरं नाही. उद्या करू या.

आज सकाळी मी ट्रंक उघडली. पाला पार चुरा झाला होता. कागदाला साड्यांमधल्या कापराचा वास होता आणि घडीवर तो पिवळा पडला होता, पण अक्षरं शाबूत होती. तुझ्या माडीवर, तुझ्या खुर्चीत मी बसले. पद्मा शेजारी स्टुलावर. तिनं आजवर तुझ्या कामाला कधी हात लावला नव्हता, तू लावू दिला नव्हतास. आज ती कागद धरून एकेक अक्षर वाचत होती, मोठा बी, छोटा क्यू, सात, आणि मी टाइप करत होते. पाचव्या ओळीला तिनं कागद मांडीवर ठेवला. आम्ही थांबलो, पाणी प्यालो, पुन्हा सुरू केलं. तू म्हणाला होतास की टाइप करताना विचार करायला वेळ मिळेल. मिळाला. वडवारूच्या काठावर तुला शोधायला आले होते ते आठवलं. तू पाण्यात पाय सोडून बसला होतास आणि मला बघून बाजूला सरकून जागा केली होतीस. मी मारायला आले होते, आणि तुझ्या शेजारी बसले.

तीनदा पेटीनं सांगितलं की मजकूर जुळत नाही. चौथ्यांदा पद्माला नवव्या ओळीत एक छोटा एल सापडला, तो मी एकचा आकडा म्हणून टाइप केला होता. तो बदलला आणि समोर अक्काची चौकट आली.

त्यात कारण लिहिलेलं असतं, हे मी विसरले होते. कागदावर ते त्या गचपणात मिसळलेलं, डोळ्यांनी वाचता येत नाही. सहा वर्षं माझ्या साड्यांखाली होतं आणि मला पत्ता नव्हता. दोन ओळी. पहिली इंग्रजीत, जगासाठी: या वेळची बातमी खरी आहे. दुसरी इंग्रजी अक्षरांत पण आपल्या घरच्या मराठीत, जी ती यादी बघणाऱ्यांत माझ्याशिवाय आणि पद्माशिवाय कुणाला कळणार नाही. अक्कास कोणी रागावूं नका.

मोर पिऊन, मिशी पुसून, दुसरं कोण आहे म्हणालास, तेव्हा हे आधीच लिहून, तुझ्या खिशातून काढून झालं होतं.

पद्मा माझ्या खांद्याला धरून उभी होती. चौकटीत खाली जागा रिकामी होती, तू ठेवली होतीस तशी. मी डोळे पुसले, चष्मा परत लावला आणि तीन अक्षरं टाइप केली. ह्या खेपेस एकही चुकलं नाही.